शब्दशंका : ‘सेट’ कुठे कुठे बसतो?

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठीत अनुवादाची लहानमोठी कामे करतो. ‘सेट’ हा शब्द आला की लेखणी अडते. सूर्य ‘सेट’ होतो, सिमेंट ‘सेट’ होते, मोडलेले हाड ‘सेट’ करतात, प्रश्नपत्रिका ‘सेट’ करतात आणि खुर्च्यांचाही ‘सेट’ असतो. एवढ्याशा शब्दाला इतके अर्थ कसे चिकटले, आणि ते ध्यानात ठेवण्याची काही युक्ती आहे का?

उत्तर : आपली अडचण कोशकारांचीही आहे. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ याच शब्दाची होती. या एका क्रियापदाचे चारशे तीसच्या आसपास अर्थ तीत नोंदवले होते. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाल्यावर ‘रन’ या क्रियापदाने ६४५ अर्थांसह त्याला मागे टाकले. मात्र हे आकडे पाहून दडपून जाण्याचे कारण नाही, कारण कोशकार अर्थाची प्रत्येक बारीक छटा आणि मागे शब्दयोगी जोडून होणारे प्रत्येक रूप वेगळे मोजतो. आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते आणि डोळाही लागतो. या ‘लागणे’ची मोजदाद कोणी अशाच काटेकोरपणे केली तर तीही लांबत जाईल. तरीही मराठी बोलणारे मूल या अर्थांची गल्लत करत नाही, कारण त्याच्यापुढे सुटा शब्द येत नाही, पूर्ण वाक्य येते.

‘सेट’ची खरी किल्ली त्याच्या जन्मात आहे. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ हे त्याचेच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. मराठीत ‘पडणे’चे ‘पाडणे’ आणि ‘मरणे’चे ‘मारणे’ होते, तसाच स्वरबदल जुन्या इंग्रजीतही होता. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे, ही त्याच घडणीची दुसरी जोडी. ‘सिट’चे मूळ आणि संस्कृतातील ‘सद्’ हा धातू एकाच प्राचीन कुळातले आहेत, त्यामुळे ‘सदन’, ‘संसद’ आणि ‘परिषद’ हे शब्द ‘सेट’चे दूरचे भाऊबंद ठरतात. आपले ‘बसणे’ मात्र त्या धातूपासून आलेले नाही. ते ‘उप’ आणि ‘विश्’ यांच्यापासून ‘बैसणे’ या रूपाच्या वाटेने आले आहे. शब्द वेगळ्या घरचे असूनही दोन्ही भाषांनी आपापल्या ‘बसवणे’वर जवळजवळ सारखीच कामे सोपवली, ही गोष्ट मला त्या चारशे तीस अर्थांपेक्षा जास्त नवलाची वाटते.

आता ही किल्ली फिरवून पाहावी. अंगठीत खडा ‘सेट’ करतात, आपण तो बसवतो. निखळलेले हाड वैद्य ‘सेट’ करतो, आपल्याकडेही ते बसवतात. सूर्य ‘सेट’ होतो म्हणजे तो खाली जाऊन बसतो. सूर्यास्तासाठी जुन्या इंग्रजीत ‘आसनाकडे जाणे’ अशा अर्थाचा शब्दच होता. सिमेंटच्या बाबतीत हा अर्थ शास्त्राच्या भाषेतही टिकून आहे. पाण्यात कालवलेले सिमेंट काही तासांत आपला मऊपणा सोडून आकार धरते, त्याला ‘सेटिंग’ म्हणतात. त्यानंतर कित्येक दिवस ते मजबूत होत राहते, त्याला ‘हार्डनिंग’ हा वेगळा शब्द आहे, आणि काँक्रीटची ताकद साधारणपणे अठ्ठाविसाव्या दिवशी मोजतात. म्हणून तांत्रिक मजकुरात या दोन्ही शब्दांना सरसकट ‘घट्ट होणे’ लिहिले तर मजकूर चुकतो.

जिथे ‘बसवणे’ बसत नाही, तिथे बहुतेक वेळा ‘लावणे’ चालून जाते. गजर लावतात, आग लावतात, सापळा लावतात, कवितेला चाल लावतात, आणि इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘सेट’च येतो. तेही न जमले तर प्रत्येक नामाचे स्वतःचे क्रियापद शोधावे लागते : प्रश्नपत्रिका काढतात, उदाहरण घालून देतात, विक्रम प्रस्थापित करतात, अट घालतात, तारीख ठरवतात. येथे अनुवादकाने ‘सेट’कडे न पाहता त्याच्या पुढच्या नामाकडे पाहावे, कारण मराठीत क्रियापदाची निवड ते नाम करते. कादंबरी अमुक काळात ‘सेट’ केली आहे, या वाक्याचे ‘बसवली आहे’ असे भाषांतर मी छापील मजकुरात वाचले आहे; ‘कादंबरी त्या काळात घडते’ एवढे साधे वाक्य पुरले असते.

खुर्च्यांचा ‘सेट’ मात्र या घराण्यातला नव्हे. समूह या अर्थाचे नाम जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधील ‘सेक्टा’ या शब्दापर्यंत जाते. त्याचा अर्थ अनुयायांचा गट, आणि पंथ या अर्थाचा इंग्रजी ‘सेक्ट’ही त्याचाच. दोन वेगळ्या मुळांचे शब्द उच्चारात एक झाले आणि पुढे त्यांचे अर्थही एकमेकांत मिसळले. गणितातला ‘सेट’ याच समूहवाचक नामाचा वापर आहे आणि त्याला मराठीत ‘संच’ हा उत्तम शब्द रूढ आहे. नाटकाचा किंवा चित्रपटाचा ‘सेट’ पुन्हा पहिल्या घराण्यात जातो, कारण तो उभारलेला, म्हणजे बसवलेला असतो.

प्रश्न : ‘द कोर्ट सेट असाइड द ऑर्डर’ या वाक्याचे भाषांतर मी ‘न्यायालयाने आदेश बाजूला ठेवला’ असे केले. संपादकांनी ते खोडले. शब्दशः ते बरोबर नव्हते काय?

उत्तर : शब्दशः बरोबर होते, अर्थाने नव्हते. बाजूला ठेवलेली वस्तू पुन्हा उचलता येते, त्यामुळे आपले वाक्य वाचणाऱ्याला आदेश अजून जिवंत असून निर्णय लांबणीवर पडला आहे असे वाटेल. न्यायालयीन भाषेत ‘सेट असाइड’ म्हणजे रद्दबातल ठरवणे. अंमलबजावणी तेवढी थांबवायची असेल तर तेथे ‘स्टे’ हा शब्द येतो आणि त्याला आपण स्थगिती म्हणतो. पक्षकाराच्या दृष्टीने या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. हाच जोडशब्द पैशांबाबत आला की ‘राखून ठेवणे’ असा होतो, आणि मतभेदांबाबत आला तर मात्र आपले ‘बाजूला ठेवणे’ अगदी चपखल बसते.

अशा जोडशब्दांत ‘बसवणे’ची किल्ली फारशी चालत नाही, हे मान्य केले पाहिजे. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, स्फोट घडवणे, एखाद्या रंगाला उठाव देणे आणि हिशेबात वजावट करणे. ही चार रूपे सुटी सुटीच शिकावी लागतात. ‘सेट इन’चे तसे नाही. ते बहुधा नकोशा गोष्टीबद्दल येते, जसे थंडी, कुज किंवा नैराश्य, आणि ‘बस्तान बसवणे’ हा आपला वाक्प्रचार त्याला थेट लागू पडतो.

प्रश्न : ‘फलंदाज सेट झाला’ आणि ‘मुलगा नोकरीत सेट झाला’ ही वाक्ये मराठीत सर्रास ऐकू येतात. ती शुद्ध इंग्रजी वापराला धरून आहेत का?

उत्तर : पहिले आहे. खेळपट्टीवर स्थिरावलेल्या फलंदाजाला इंग्रजी समालोचकही ‘सेट’ म्हणतात. दुसऱ्या वाक्यात बहुधा ‘सेटल’ या शब्दाची शेपूट बोलताना गळून पडली आहे; तो शब्दही आसन या अर्थाच्या जुन्या इंग्रजी नामापासूनच आलेला आहे. बोलण्यात हे चालते आणि त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही. लिहिताना मात्र दोन्ही ठिकाणी ‘जम बसला’ असे खुशाल लिहावे.