मराठी माध्यमातून आले आहे, अकरावीच्या कडक इंग्रजी वर्गात निभाव कसा लागेल?

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: दहावीपर्यंत मराठी माध्यम, दहावीला इंग्रजीत छान मार्क, आता दक्षिण मुंबईतल्या कॉलेजात अकरावी आर्ट्‌स. मॅडम दर आठवड्याला निबंध लिहून घेतात आणि तुझा निबंध लाल शाईने भरून परत येतो. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुली वर्गात फाडफाड बोलतात, तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. वर्ग बदलून घेऊ का, असं विचारलंयस. मी मुंबईतच ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि असे निबंध तपासते, म्हणून सविस्तर लिहिते. अकरावीतली आहेस, तेव्हा ‘तू’च म्हणते.

तुझे मार्क प्रामुख्याने व्याकरणाचे जात नाहीयेत. तूच दिलेला नमुना बघ. लेडी ग्रेगरी या आयरिश लेखिकेच्या ‘द रायझिंग ऑफ द मून’ या 1907 साली रंगभूमीवर आलेल्या एकांकिकेवर तू लिहिलंस की सार्जंट हा कर्तव्य आणि देशप्रेम यांच्या कात्रीत सापडलेला माणूस आहे आणि लेखिकेने त्याचं चित्रण प्रभावीपणे केलं आहे. मॅडमनी समासात एवढंच विचारलं: कशावरून? हे वाक्य चुकीचं नाही, पण ते एकांकिका न वाचताही लिहिता येतं. गाइडमध्ये असंच असतं, नेटवरच्या सारांशातही असंच असतं, आणि निम्म्या वर्गाच्या वहीत तेच उतरलेलं असतं.

आता तीच एकांकिका पेन्सिल हातात घेऊन परत वाच. इंग्रजांच्या ताब्यातलं आयर्लंड, रात्रीची वेळ, बंदराचा धक्का. तुरुंगातून निसटलेल्या क्रांतिकारकावर शंभर पौंडांचं बक्षीस आहे आणि सार्जंट पहाऱ्यावर आहे. फाटक्या कपड्यांतला गाणारा बनून तोच क्रांतिकारक तिथे येतो. गप्पा मारता मारता तो देशभक्तीचं एक जुनं गाणं म्हणायला लागतो. सध्याच्या दिवसांत हे गाणं नको, असं सार्जंट आधी दटावतो. पण थोड्या वेळाने गाणाऱ्याची एक ओळ म्हणायची राहून जाते, आणि ती ओळ कोण भरून काढतं? सार्जंटच! म्हणजे ते गाणं त्याला पाठ आहे. अंगावर सरकारी गणवेश आणि तोंडात बंडाचं गाणं. तुझ्या ‘कात्री’चा पुरावा इथे एका ओळीत पडलेला आहे.

शेवटाकडे ये. गाणाऱ्याचा केसांचा टोप आणि हॅट सार्जंटच्या हातात येते, तेवढ्यात बाकीचे पोलीस परत येतात. माणूस पिंपामागे लपलेला असतो आणि सार्जंट ती हॅट आणि टोप पाठीमागे धरून उभा राहतो. पकडून द्यायचं नाही, हे तो तोंडाने कुठेच जाहीर करत नाही. त्याचा निर्णय आपल्याला त्याच्या हातांवरून कळतो. आणि त्याआधी ते दोघे एकाच पिंपावर पाठीला पाठ लावून बसतात, का तर दोन्ही बाजूंवर नजर राहावी म्हणून. या बसण्याबद्दल तुला काय वाटतं ते मी सांगणार नाही, तो तुझा परिच्छेद आहे.

कडक वर्गात मार्क असतात ते या असल्या नजरेला. मत साधं असलं तरी चालतं, पण त्याच्या खाली मजकुरातली जागा दाखवता आली पाहिजे, आणि त्या जागेतून तुझं मत कसं निघतं ते दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. एका परिच्छेदात एकच अशी जागा घे. चार जागांना नुसता हात लावून पुढे पळालीस तर पुन्हा तोच ‘कशावरून’ येईल.

हे जमायला वाचन दोनदा हवं. पहिल्यांदा फक्त काय घडतंय ते कळण्यासाठी वाच, शब्द अडला तरी थांबू नकोस. कुणी मराठीत गोष्ट समजावून दिली तर त्यातही गैर काही नाही. दुसऱ्यांदा मात्र सावकाश, आणि एकांकिका किंवा कविता असेल तर मोठ्याने. घरात जागा नसते, माणसं असतात, हे मला माहीत आहे. मग गच्चीवर जा, जिन्यात बस. जिथे थांबावंसं वाटलं तिथे समासात एक शब्द लिही, मराठीत लिहिलास तरी हरकत नाही. विचार मराठीतच येऊ दे, तो तिथे पक्का होतो. पण कच्चा मराठी निबंध लिहून त्याचं भाषांतर करू नकोस. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भाषांतर करताना लांबलचक, गुंतलेली वाक्यं तयार होतात आणि तिथेच चुका घुसतात. मराठीत फक्त मुद्दे टिप, मजकुरातले शब्द इंग्रजीतलेच उचल आणि वाक्यं थेट इंग्रजीत, छोटी छोटी लिही.

व्याकरणाचं म्हणशील तर मराठी घरातल्या मुलांच्या चुका ठरलेल्या असतात: ‘द’ आणि ‘अ’ गाळणं, ‘डिस्कस अबाउट’, ‘टोल्ड टू मी’, ‘आय अ‍ॅम हॅविंग’, आणि गोष्ट सांगताना काळ मध्येच बदलणं. निबंधात कथानक साध्या वर्तमानकाळात सांगायची पद्धत आहे, ती धरून राहा. परत आलेल्या निबंधातल्या चुका वहीच्या मागच्या पानावर गटाने लिहून ठेव. त्याच त्याच तीन-चार गोष्टी दिसतील. पुढचा निबंध देण्याआधी फक्त त्या शोधायला एकदा वाचून काढ.

आणि मॅडमकडे जा. आम्ही शिक्षक वाट बघत असतो, खरंच. पण मार्क कमी का दिले, असं विचारू नकोस. निबंध समोर ठेव, एका परिच्छेदावर बोट ठेव आणि विचार, ‘मॅडम, इथे माझा मुद्दा कुठे सुटला?’ मग तोच परिच्छेद पुन्हा लिहून दाखव, मार्क मिळणार नसले तरी. माझ्याकडच्या ज्या मुली असं करतात, त्यांचं लिखाण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बदललेलं मी पाहिलंय. अ‍ॅपकडून निबंध लिहून घेण्याचा मोह होईल. असा निबंध वर्गात ओळखू येतो, आणि हाताला वळण लागत नाही ते वेगळंच.

फाडफाड बोलणाऱ्या मुलींचं दडपण घेऊ नकोस. त्यांना बोलण्याचा सराव आहे, मजकूर बारकाईने वाचायचा सराव त्यांनाही तुझ्याइतकाच नवा आहे. वर्गात एक वाक्य बोलायचं ठरवून जा. पान सांग, ओळ वाच, मला इथे हे दिसलं म्हण. अडखळलीस तरी मॅडम ऐकतील, कारण हातात ओळ आहे.

अवांतर वाचनाला खर्च फार नाही. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुनी पुस्तकं मिळतात. लघुकथांपासून सुरुवात कर, लोकलच्या एका प्रवासात एक संपते.

बोर्डाच्या परीक्षेची वेगळी काळजी नको. बारावीला लेखी 80 आणि तोंडी वगैरे धरून 20, त्यात सारांश, उतारे असे ठरलेले प्रकार असतात. या वर्गात तयार झालेल्या मुलीला ते जड जात नाहीत, फक्त शेवटचे काही महिने जुने पेपर वेळ लावून सोडव.

वर्ग बदलू नकोस, निदान पहिल्या सत्राची परीक्षा होईपर्यंत तरी. दर आठवड्याला तुझं लिखाण वाचून समासात प्रश्न विचारणारी शिक्षिका सहज मिळत नाही, भरलेल्या वर्गांत तर नाहीच. पुढच्या निबंधाला सार्जंटच घे आणि सुरुवात त्या राहून गेलेल्या ओळीपासून कर. लिहिलास की पहिला परिच्छेद इथे टाक, मी वाचेन.