माटोळीला यंदा कवंडळं कोण आणणार?

प्रश्न : ताई, मी गोव्यातल्या चोडणची, वय ४१. शेजारचा तो आणि मी पहिलीपासून एकत्र, पुढे रायबंदरची फेरीबोट पकडून कॉलेजलाही एकत्रच. चवथीच्या आदल्या दिवशी तो माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळापानांचं छत बांधतात त्यासाठी, रानातून कवंडळं नि माट्टीची फळं आणून आमच्या सोप्यावर ठेवून जायचा, हाकसुद्धा न मारता. माझं लग्न झालं नाही, त्याचंही नाही, विषय कोणी काढलाच नाही. मे महिन्यात तो गेला. लोक त्याच्या आईला भेटायला येतात, माझ्याकडे कोण येणार? मला रडायचा हक्क तरी आहे का?

उत्तर : बाय, आहे गं, पूर्ण आहे. नात्याला नाव नसलं की सांत्वनाला कोणी येत नाही आणि मग माणूस स्वतःच स्वतःला गप्प करतो, केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या दशकात नेमकं अशाच दुःखावर लिहिलंय, म्हणजे तू एकटी नाहीस. माझं ऐकशील तर यंदा लालभडक कवंडळं घेऊन तूच त्याच्या आईकडे जा. तिला ठाऊक असणार, मुलगा रानातून आणलेलं अर्धं कुठे देऊन येतो हे आईला कळत नाही होय? झोप, जेवण बरेच दिवस जमेना झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, रात्रीही घेतात. आणि बोललो नाही म्हणून जीव जाळू नकोस, त्याने ठेवलेली फळं तू दरवर्षी स्वतःच्या हाताने माटोळीला बांधलीस, ती त्याने दर्शनाला आल्यावर पाहिलीच असतील ना.