बोक्याला इन्सुलिन सुरू झालंय: आधी सिरिंज तपासा, मग खाणं बदला

तुमच्या प्रश्नातली माहिती थोडक्यात अशी: नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला, 6.2 किलोचा बोका. दवाखान्यात साखर 410 आली. ग्लार्जिन हे लांब पल्ल्याचं इन्सुलिन 1 युनिट सकाळ-संध्याकाळ सुरू होऊन तीन दिवस झाले, पण घरच्या मीटरवर 300 च्या खाली काही येत नाही. खाणं कोरडे दाणे आणि दुपारी दूध-भात. केमिस्टने लाल टोपणाच्या सिरिंजा दिल्यात. डोस वाढवू का, आणि आजपासून नुसतं उकडलेलं चिकन सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हीचं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. पण त्याआधी ते लाल टोपण.

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं: एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी. लँटस, बेसलॉग, ग्लॅरिटस या नावांनी मिळणारं नेहमीचं ग्लार्जिन 100 चं असतं. लाल सिरिंजमध्ये ‘1’ च्या खुणेपर्यंत भरलं की आत 0.025 मिलि जातं, आणि ते 100 चं इन्सुलिन असेल तर झाले अडीच युनिट. म्हणजे बोक्याला कदाचित तीन दिवस अडीचपट डोस जातोय. आज संध्याकाळची सुई भरण्याआधी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजच्या नळीवर छापलेला आकडा शेजारी धरून वाचा. दोन्ही जुळले पाहिजेत. नुसत्या टोपणाच्या रंगावर विसंबू नका. जुळत नसतील तर डॉक्टरांना आजच फोन करून स्पष्ट सांगा की तीन दिवस एवढं इन्सुलिन गेलंय. पुढची सुई योग्य सिरिंजनेच, आणि साखर मोजूनच.

योग्य सिरिंज मागतानाही नेमकं मागा. 1 मिलिच्या 100 युनिटवाल्या सिरिंजवर बहुधा दर दोन युनिटला एक रेघ असते, तिच्यावर एक युनिट अंदाजानेच भरावं लागतं. तुम्हाला 0.3 मिलिची, म्हणजे 30 युनिटची हवी. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मिळाली तर उत्तम, कारण मांजराचा डोस अर्ध्या-अर्ध्या युनिटनेच वर-खाली करतात. ग्लार्जिनची 300 ताकदीचीही पेनं येतात. त्यातून सिरिंजने कधीही काढू नका. आणि डोस लहान आहे म्हणून ग्लार्जिनमध्ये सलाईन किंवा पाणी मिसळू नका. ते आम्लधर्मी द्रावण असतं, पातळ केलं की त्याचं काम बिघडतं.

आता डोस वाढवण्याबद्दल. ग्लार्जिनचा परिणाम स्थिरावायला पाच ते सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशीच्या आकड्यावरून डोस वाढवणं म्हणजे जुन्या डोसचा निकाल लागण्याआधीच नवा लादणं. शिवाय तुम्ही फक्त सुईच्या आधी मोजताय, आणि बारा तासांतला तो वरचा आकडा असतो. ठरवायचं असतं ते तळावरून, म्हणजे दोन सुयांमधल्या सगळ्यात खालच्या आकड्यावरून. आठवड्याने एक दिवस घरी थांबा आणि सकाळच्या सुईपासून संध्याकाळच्या सुईपर्यंत दर दोन तासांनी मोजून वहीत लिहा: वेळ, आकडा, काय आणि किती खाल्लं. सगळ्यात खालचा आकडा 80 ते 150 च्या दरम्यान असेल तर डोस बरोबर आहे, मग सुईआधीचा आकडा 250 असला तरी. तळ 80 च्या खाली गेला तर डोस कमी होतो. तळ 200 च्या वर असेल तर डॉक्टर सहसा अर्धा युनिट वाढवतात. आणखी एक शक्यता डोक्यात ठेवा: डोस जास्त झाला की साखर खाली कोसळते, शरीर घाबरून यकृतातली साखर रक्तात सोडतं आणि पुढचे काही तास आकडा चढाच दिसतो. वरवर तो ‘डोस पुरत नाही’ असाच दिसतो. तुमच्या बोक्याला अडीच युनिट जात असतील तर आधी हाच संशय घ्यावा.

दवाखान्यातल्या 410 वर फार जाऊ नका. निरोगी मांजराचीही साखर पिंजरा, रिक्षा आणि कुत्र्यांचा आवाज यांनी 300 च्या आसपास जाऊ शकते. म्हणून घरी मोजणं ही हौस नाही, त्याशिवाय इन्सुलिन देणं धोक्याचं आहे. माणसांचं ग्लुकोमीटर चालतं, फक्त ते मांजरात खऱ्यापेक्षा थोडं कमी दाखवतं. मीटर बदलत बसू नका, एकाच मीटरचे आकडे एकमेकांशी ताडा.

रक्त कानाच्या कडेने जाणाऱ्या बारीक शिरेजवळून घ्यायचं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल अर्धा मिनिट कानाला लावा. थंड कानातून थेंब येत नाही आणि मग लोक चार-चार वेळा टोचतात. कानामागे कापसाची घडी धरा, शीर आणि कडा यांच्यामध्ये टोचा, थेंब गोल झाला की पट्टी त्याला लावा, मग मिनिटभर दाबून धरा. दाबलं नाही तर कान काळानिळा होतो आणि दुसऱ्या दिवशी बोका हात लावू देत नाही. प्रत्येक वेळी टोचल्यानंतर, थेंब येवो न येवो, त्याच्या आवडीचा चिकनचा छोटा तुकडा द्या. आठवड्याभरात बहुतेक मांजरं आपणहून येऊन बसतात.

सुई मानेवर देऊ नका. तिथली कातडी जाड असते, रक्तपुरवठा कमी, इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही. बरगड्यांच्या बाजूला किंवा मांडीच्या पुढच्या सैल घडीत द्या, रोज जागा थोडी बदला. कातडीचा तंबू उचला, सुई अंगाला जवळजवळ समांतर ठेवून तंबूच्या तळाशी घाला. दुसऱ्या बाजूने बाहेर आली नाही ना, हे बोटाने बघा. केस ओले लागले किंवा औषधी वास आला तर इन्सुलिन बाहेर सांडलंय. तरीही पुन्हा देऊ नका. किती आत गेलं हे कळायला मार्ग नाही, आणि एक डोस चुकल्याने मांजराचं विशेष बिघडत नाही. घरातल्या दोघांनी न सांगता दोनदा दिली, हे मात्र नेहमी घडतं. फ्रिजच्या दारावर कागद चिकटवा आणि देणाऱ्याने लगेच खूण करावी.

क्रम नेहमी एकच: मोजा, खाऊ घाला, खाल्लेलं बघा, मग सुई. निम्म्यापेक्षा कमी खाल्लं तर पूर्ण डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. सुईआधीचा आकडा 200 च्या खाली असेल तर निदान पहिला महिना तरी सुई लगेच देऊ नका. जेवण न देता वीस-तीस मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा वर सरकत नसेल तर सुई टाळा, जेवण द्या आणि फोन करा.

साखर जास्त राहिली तर नुकसान आठवड्यांनी होतं, कमी झाली तर तासाभरात जीव जाऊ शकतो. मीटरवर 60 च्या खाली आकडा, झोकांड्या, नजर हरवल्यासारखी, थरथर, अचानक वखवख, किंवा न हलता एका जागी बसून राहणं: ही चिन्हं. शुद्धीवर असेल तर लगेच जेवण द्या, त्यात चमचाभर मध किंवा ग्लुकोज पावडरचं दाट पाणी कालवा. खात नसेल किंवा झटके येत असतील तर मध बोटाने हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. दर पंधरा मिनिटांनी मोजा आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे न्या. मध काही वेळात ओसरतो, ग्लार्जिन मात्र पुढे कित्येक तास काम करत राहतं. मधाची बाटली आणि ग्लुकोजचा पुडा सिरिंजांच्या शेजारीच ठेवा.

आता खाणं, आणि तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग इथेच आहे. कर्बोदकं कमी केली की इन्सुलिनची गरजही कमी होते, कधीकधी काही दिवसांतच निम्म्यावर येते. जुना डोस चालू ठेवून एका रात्रीत दाण्यांवरून चिकनवर आणलेलं मांजर सकाळी बेशुद्ध सापडू शकतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी दूध-भात तीन-चार दिवसांत कमी करत बंद करा. शिजलेल्या 30 ग्रॅम भातात साधारण 8 ग्रॅम कर्बोदकं असतात, दुधातली लॅक्टोज वेगळी, आणि मोठ्या मांजराला ती नीट पचतही नाही. मग दर तीन-चार दिवसांनी पाव भाग दाण्यांऐवजी ओलं अन्न, असं करत दोन-तीन आठवडे घ्या. या काळात सकाळ-संध्याकाळ आणि दुपारी एकदा मोजा आणि डोस कमी करण्याचं डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा.

ओलं अन्न म्हणजे कमी कर्बोदकं असं मात्र धरू नका. ग्रेव्हीच्या पाऊचमध्ये घट्टपणासाठी स्टार्च असतो. वेष्टनावर कर्बोदकं छापलेली नसतात, ती काढावी लागतात: 100 मधून प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करा. राख दिली नसेल तर ओल्यात 2, कोरड्यात 8 धरा. मग कर्बोदकं आणि प्रथिनं यांना प्रत्येकी 3.5 ने आणि स्निग्धांशाला 8.5 ने गुणा. समजा पाऊचवर प्रथिनं 8, स्निग्धांश 3, तंतू 1, ओलावा 82 असं आहे. कर्बोदकं उरली 4, त्यांच्या कॅलरी 14, आणि एकूण 67.5. म्हणजे सुमारे 21 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून. हे जास्त आहे. प्रथिनं 11, स्निग्धांश 5, तंतू 0.5, ओलावा 80 असलेल्या पाऊचमध्ये हेच प्रमाण 6 टक्क्यांवर येतं. आपल्याला 10–12 च्या आतलं हवं. कोरड्या दाण्यांत ते 35–40 असणं नेहमीचंच, ‘धान्यविरहित’ लिहिलेल्यातसुद्धा, कारण तिथे बटाटा किंवा वाटाणा घातलेला असतो.

नुसतं उकडलेलं चिकन वाईट अन्न नाही, पण ते अपुरं आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, आणि उकळताना टॉरिन (मांजराला अन्नातूनच लागणारं एक अमिनो आम्ल) पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय आणि डोळे बिघडतात. रोजच्या खाण्याच्या दहाव्या भागापर्यंत चिकन द्या, त्याचं पाणीही अन्नावर घाला, मीठ-कांदा-लसूण न घालता. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. सगळं अन्न घरचंच द्यायचं असेल तर पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून कॅल्शियम आणि टॉरिनचं प्रमाण मोजून घ्या. सुके बोंबील खारट असतात, रोज नकोत.

वजन उतरवायचंय, पण घाईने नाही. 5 किलो हे लक्ष्य धरलं तर रोज 190 ते 230 कॅलरी पुरतात. आठवड्याला 30 ते 60 ग्रॅम उतरणं ठीक. लठ्ठ मांजर दीड-दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जीवघेणा आजार होऊ शकतो, म्हणून ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब इथे चालत नाही.

इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाला चिकटून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. लेबलवर उघडल्यापासून 28 दिवस लिहिलेलं असतं. फ्रिजमध्येच राहिलेली बाटली त्यापुढे वापरायची का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. गढूळ दिसली किंवा आकडे विनाकारण चढू लागले तर बदलाच. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात वीज तासन् तास जाते तेव्हा प्लास्टिकच्या डब्यात घालून, पाणी भरलेल्या मातीच्या माठाच्या गारव्यात ठेवा.

लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) दाखवणाऱ्या पट्ट्याही आणून ठेवा. उलट्या, खाणं बंद, मलूलपणा आणि पट्टीवर कीटोन दिसले तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. त्याला सलाईन लागतं, घरचा उपाय नाही.

डॉक्टरांना एक आवर्जून विचारा: खाजेसाठी किंवा दम्यासाठी याला लांब पल्ल्याचं स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का? तेच मधुमेहाचं कारण असू शकतं. दात आणि लघवीचा संसर्गही तपासून घ्या, कारण तो असेपर्यंत साखर ताब्यात येत नाही. मागच्या पायांच्या टाचा टेकून चालत असेल तर तो साखरेमुळे झालेला मज्जातंतूंचा त्रास आहे. साखर ताब्यात राहिली की काही महिन्यांत बराचसा सुधारतो.

लवकर सुरुवात आणि कमी कर्बोदकांचं खाणं असेल तर पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन सुटतं. तळ वारंवार 80 च्या जवळ येऊ लागला की डॉक्टर डोस अर्ध्या युनिटने उतरवत नेतात. सुटल्यानंतरही दाणे आणि दूध-भात परत सुरू करायचे नाहीत, पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा मोजायचं, आणि पुढे कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी स्टेरॉइड देऊ नका हे सुई भरायच्या आधी सांगायचं.