रात्री गाडी उभी कुठे राहते?

इलेक्ट्रिक कार घेऊ का, असं विचारणाऱ्या पत्रांमध्ये रेंज आणि बॅटरीची धास्ती सर्वांत जास्त दिसते. खरा निकाल लागतो तो दोन गोष्टींवर: महिन्याला किती किलोमीटर होतात आणि गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे तुमच्या मीटरची वायर पोहोचते का. निवडक प्रश्नांची उत्तरं पुढे दिली आहेत.

प्रश्न : महिन्याला साधारण १,००० किलोमीटर होतात, बहुतेक शहरातच. पेट्रोलच्या छोट्या गाडीपेक्षा तेवढीच इलेक्ट्रिक गाडी ऑन-रोड ३ लाखांनी महाग पडते आहे. हे पैसे कधी वसूल होतील? (नाशिक)

आधी पेट्रोलचं पाहू. १०४ रुपये लिटर आणि शहरात १६ चं ॲव्हरेज धरलं, तर किलोमीटरला साडेसहा रुपये.

विजेचा हिशेब करताना दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा धरणं. स्क्रीन १०० किलोमीटरला १३ युनिट दाखवत असेल, तर मीटरवर १५ च्या आसपास पडतात, कारण चार्जर आणि बॅटरी गरम होण्यात १०-१२ टक्के वीज जाते. दुसरी चूक म्हणजे बिलाची एकूण रक्कम युनिटने भागून सरासरी दर काढणं. घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. घरात महिन्याला १८० युनिट जळत असतील, तर गाडीचे १५० युनिट त्याच्या डोक्यावर बसतात. त्यातले १२० दुसऱ्या टप्प्यात पडतात, ३० तिसऱ्यात. पहिल्या १०० युनिटांचा स्वस्त दर गाडीच्या वाट्याला येतच नाही. शिवाय वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. तुमचं बिल समोर घेऊन हा वरचा दर काढा. इथे उदाहरणासाठी १५ रुपये धरू. म्हणजे किलोमीटरला सव्वादोन रुपये.

बचत झाली किलोमीटरला सव्वाचार, वर्षाला ५१,०००. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, प्लग, क्लच हे नसल्याने सर्व्हिसिंगचे आणखी ४,००० धरा. ३ लाखांना साडेपाच वर्षं लागतात. फिरणं महिन्याला ५०० किलोमीटरच असेल, तर दहा वर्षं. आणि हे ३ लाख कर्जाने उभे केले, तर ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षीच सुमारे २७,००० व्याजात जातात, म्हणजे बचतीचा अर्धा भाग. घेणाऱ्यांपैकी फार थोडे हे व्याज हिशेबात धरतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो २०१९ पासून ५ टक्केच आहे. त्यामुळे दोन्हींच्या किमतींतलं अंतर वाढलं. दोन वर्षांपूर्वीचे ‘चार वर्षांत वसूल’ वाले हिशेब आता वापरू नका.

तुमच्या १,००० किलोमीटरला आणि घरी चार्जिंग असेल तर आमचा कौल इलेक्ट्रिकला. पण सध्या सीएनजी वापरत असाल तर गणित वेगळं होतं. ९२ रुपये किलो आणि २४ चं ॲव्हरेज धरलं, तर सीएनजी किलोमीटरला चार रुपयांच्या आतच पडतो. किमतीतला फरक २ लाखांचा असला तरी तो भरून निघायला साडेआठ-नऊ वर्षं जातात. निव्वळ पैशांसाठी सीएनजी सोडू नका.

प्रश्न : सोसायटीत स्टिल्ट पार्किंग आहे. मीटर रूमपासून माझी जागा केबलच्या मार्गाने ६० मीटर आहे. कमिटी म्हणते, ‘आग लागेल, परवानगी नाही.’ काय करावं? (ठाणे)

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते. पण कमिटीसमोर नुसता नियम आपटून काम होत नाही. आगीची भीती रास्त आहे आणि तिचं उत्तर चांगल्या वायरिंगमध्ये आहे. म्हणून अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराने काढलेला आराखडा जोडा: केबल कुठून जाणार, किती जाडीची, कोणती संरक्षक उपकरणं, खर्च कोणाचा आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट मिळणार. ‘चार्जर बसवू द्या’ एवढ्या एका ओळीच्या अर्जाला नकार येणं स्वाभाविक आहे.

आता केबल. ६० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर तांबं. ४ चौरस मिलिमीटरच्या केबलवर १५ अँपिअरला ८ व्होल्टच्या वर घट होते. संध्याकाळी मुळातच व्होल्टेज कमी असेल, तर चार्जिंग अडखळतं आणि केबल उगाच तापते. १५ अँपिअरच्या चार्जिंगला ६ चौरस मिलिमीटर घ्या. ७.२ किलोवॅटचा, ३२ अँपिअरचा चार्जर बसवायचा असेल तर १० च घ्या, कारण ६ वर घट १२ व्होल्टपर्यंत जाते. केबल आर्मर्ड, म्हणजे पोलादी आवरणाची हवी, स्टिल्टमध्ये उंदीर कुरतडतात. मीटरनंतर लगेच एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच (१५ अँपिअरच्या चार्जिंगला २० चा, ७.२ किलोवॅटला ४० चा) आणि ३० मिलिअँपिअरचा, ‘टाइप ए’चा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. स्वस्तातला ‘टाइप एसी’ गळ्यात मारला जातो, तो नको. गाडीच्या चार्जरमधून गळणारा, डीसीचा अंश असलेला करंट तो नीट ओळखत नाही.

बिलावर ‘मंजूर भार’ पाहा. तो २ किंवा ३ किलोवॅट असेल तर चार्जर लावण्याआधी महावितरणकडे ए-१ अर्ज करून वाढवून घ्या. भार वाढला की स्थिर आकार आणि सुरक्षा ठेवही वाढू शकते.

आमचं मत विचाराल तर दिवसाला ४०-५० किलोमीटर फिरणाऱ्याला ७.२ किलोवॅटची गरज नाही. ७-८ युनिट भरायला साधं १५ अँपिअरचं चार्जिंग तीन तासांत पुरतं. केबलचे, भारवाढीचे आणि कमिटीशी वादाचे पैसे वाचतात. सोसायटीत चार-पाच गाड्या होणार असतील, तर मात्र सर्वांनी मिळून इव्ही (इलेक्ट्रिक वाहन) चार्जिंगच्या वर्गवारीत वेगळी जोडणी घेणं चांगलं. त्या वर्गवारीत घरगुतीसारखे टप्पे नसतात. छतावर सोलर बसवत असाल, तर पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, इव्ही चार्जिंग धरून, किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे.

प्रश्न : बंगल्याच्या पोर्चमधल्या १५ अँपिअरच्या प्लगवर गाडी लावली की कधी ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून चार्जिंग बंद पडतं. मागच्या आठवड्यात सॉकेटही काळं पडून वितळलं. इलेक्ट्रिशियन म्हणतो, न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतो. (कराड)

तसं अजिबात करू देऊ नका. त्याने लाल दिवा जाईल, पण एखाद्या दिवशी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरतील आणि दाराला हात लावणारा चिकटेल.

तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत. सॉकेट वितळलं कारण ते गिझरसारख्या, २० मिनिटं चालणाऱ्या उपकरणाला पुरतं, पण गाडी १३-१४ अँपिअर आठ-नऊ तास सलग ओढते. सॉकेटच्या पितळी पाकळ्या सैल झाल्या किंवा मागचा स्क्रू नीट आवळलेला नसला, की त्या एका जागी उष्णता साठते. नवीन सॉकेट निळ्या रंगाचं, गोल, औद्योगिक प्रकारचं १६ अँपिअरचं लावा. त्याला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर थेट मेन बोर्डातून आणा आणि गाडीच्या केबललाही तसाच प्लग कंपनीच्या मान्यतेने बसतो का ते विचारा. एक्स्टेंशन बोर्ड कधीच नको. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून पाहा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बंद करा.

अर्थिंगची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून समोर उभं राहून करून घ्या. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३० असेल, तर फेज-अर्थही जवळपास तेवढंच यायला हवं. ते १४०-१५० दाखवत असेल किंवा आकडा नाचत असेल, तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली किंवा अर्थिंगचा खड्डा कोरडा आहे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये, चार्जिंग सुरू असताना, ३-४ व्होल्टपेक्षा जास्त नको. कातळावर किंवा मुरमावर बांधलेल्या घरांत हा त्रास उन्हाळ्यात वाढतो. अर्थिंगच्या तीन मीटरच्या दोन रॉड, एकमेकांपासून किमान तीन मीटर लांब, भोवती बेंटोनाइटचं (ओलावा धरणाऱ्या मातीचं) मिश्रण भरून, वर एकत्र जोडा. अर्थिंगचा रेझिस्टन्स ५ ओहमच्या खाली आणून मोजून घ्या. चार्जरने चार्जिंग थांबवलं तेव्हा तो तुम्हाला वाचवत होता.

प्रश्न : २४ युनिट (kWh) बॅटरीच्या छोट्या गाडीने पुण्याहून महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला जाणं जमेल का? (पुणे)

जमेल, पण टक्केवारीकडे सपाट रस्त्यासारखं पाहू नका. कागदावर ३०० किलोमीटरच्या आसपास रेंज असलेली ही गाडी प्रत्यक्षात १८०-२०० देते. त्यात चार माणसं आणि सामान धरून १,५०० किलोचं वजन १,२५० मीटर वर चढवायला पाच युनिटहून थोडी जास्त वीज लागते, मोटरचं नुकसान धरून सहा. हे रस्त्याच्या नेहमीच्या खर्चाव्यतिरिक्त. म्हणजे पोलादपूरहून परत महाबळेश्वरला येताना साधारण ४० किलोमीटरमध्ये १० ते ११ युनिट, जवळपास अर्धी बॅटरी जाते. पोलादपूरहून ६० टक्क्यांच्या खाली निघू नका.

उतरताना रिजनरेशनने, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर गाडीचा वेग कमी करत वीज बनवते त्याने, बॅटरी भरते, पण जेवढी चढायला गेली तेवढी परत येत नाही. या घाटात निव्वळ दीड युनिट, म्हणजे सहा-सात टक्के मिळाले तरी पुरे. यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. हॉटेलवर रात्रभर लावून १०० टक्के भरून सकाळी उतरायला लागलात, तर भरलेली बॅटरी वीज घेत नाही आणि रिजन जवळजवळ बंद राहतं. सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. ज्याला पायाखालचा रिजन सवयीचा झालाय त्याला गाडी अचानक पळते आहे असं वाटतं. ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवून उतरा.

द्रुतगती मार्गावर वेग खातो. ८० ऐवजी ११०-१२० ने चालवलीत तर रेंजमधून सहज एक चतुर्थांश ते एक तृतीयांश जाते.

प्रश्न : आठ वर्षांनी बॅटरी संपली की गाडी भंगार, हे खरं का? जुनी घ्यावी का? (लातूर)

आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीची मुदत आहे, आयुष्याची नाही. क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून मिळेल आणि दुसऱ्या मालकाला ती वॉरंटी लागू आहे का, हे वॉरंटीच्या पुस्तिकेतून वाचा, विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका.

जुनी घेताना ‘स्टेट ऑफ हेल्थ’चा, म्हणजे बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा, छापील अहवाल सर्व्हिस सेंटरकडून मागा. तो मिळत नसेल तर गाडी १०० टक्के भरून २० पर्यंत चालवा आणि स्क्रीनवरचे खर्च झालेले युनिट पाहा. २४ युनिटच्या बॅटरीत ८० टक्क्यांना १९ च्या आसपास यावेत. १५ आले तर गाडी सोडा. बॅटरीचे मुख्य प्रकार दोन, एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट); कोणता ते पुस्तिकेत पाहा. एलएफपी बॅटरीची गाडी मालकाने कधीच पूर्ण भरली नसेल, तर टक्केवारीचा अंदाज चुकतो आणि १५ वरून एकदम ५ वर येते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा १०० टक्के भरणं योग्य. एनएमसी असेल तर रोजचं २० ते ८० मध्ये ठेवा.

प्रश्न : कर, विमा, टोल यात काय मिळतं? (पिंपरी)

थोडक्यात. इव्ही कर्जाच्या व्याजावरची कलम ८०ईईबी ची वजावट ३१ मार्च २०२३ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना नाही, एजंट अजून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या अनुदान योजनेत खासगी कार नाही. थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सूट आहे, पण गाडीची किंमत जास्त असल्याने स्वतःच्या नुकसानीचा हप्ता वाढतो. बॅटरीत पाणी शिरल्याचं नुकसान पॉलिसीत येतं का, हे लेखी घ्या. राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. फास्टॅग गाडीच्या योग्य वर्गात नोंदलेला असू द्या, नाहीतर पैसे कापले जातात.

प्रश्न : गावाला तीन आठवडे गेलो होतो. परतल्यावर बॅटरी ६० टक्के असूनही गाडी सुरूच होईना, दारही रिमोटने उघडेना. (डोंबिवली)

संपली ती मोठी बॅटरी नव्हे, बॉनेटखालची १२ व्होल्टची छोटी. कुलपं, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) तीच चालवते, आणि मोबाइल ॲपशी संपर्क ठेवण्यात ती उभ्या गाडीतही झिजते. रिमोटमधल्या चावीने दार उघडा आणि दुसऱ्या गाडीच्या १२ व्होल्टवरून जंपर लावा. आधी लाल वायर प्लसला, मग काळी गाडीच्या मोकळ्या धातूला. नारंगी वायरी मोठ्या बॅटरीच्या उच्च व्होल्टेजच्या असतात, त्यांना हात नको. गाडी ‘रेडी’ झाली की दोन तास चालू ठेवा किंवा चार्जिंगला लावा. तीन-चार वर्षांची झाली असेल तर ही छोटी बॅटरी बदलूनच टाका.