गाडी टॉपला किती जाते?
जुन्या मोटारसायकलींबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विषय: टॉप कसा वाढवू? म्हणून या वेळी फक्त वेगाचीच उत्तरं. गंजलेली टाकी, न मिळणारे पार्ट आणि आरसी बुकाच्या भानगडी पुढच्या महिन्यात.

परभणी : काका, माझी १९९४ ची यामाहा आरएक्स १०० आहे. मे महिन्यात एक्स्पान्शन चेंबर (रेसचा फुगीर सायलेन्सर) आणि मोकळा एअर फिल्टर बसवला, कार्ब्युरेटरमधला जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी नळी) बदलून बदलून सेट केला. दुपारी गाडी एक नंबर पळायची. डिसेंबरात पहाटे शेताकडच्या सरळ रस्त्यावर फुल रेस दिली आणि मागचं चाक जाम झालं. ब्लॉक काढला तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे. मेकॅनिक म्हणतो ऑइल कमी पडलं. मी तर ऑइलचा पंप काढून टाकीतच ऑइल मिसळतो, आणि चांगलं हात सैल सोडून.

उत्तर : पत्रात पिस्टनचं वर्णन पानभर आहे आणि स्वतःच्या हातापायांबद्दल एक अक्षर नाही. धड आहात असं धरून चालतो. यापुढे फुल रेसला डाव्या हाताची दोन बोटं क्लचवरच ठेवायची. इंजिनाचा आवाज दबल्यासारखा झाला की क्लच आत, विचार नंतर.

ओरखडे चारही बाजूंना असते तर गाडी गरम न करताच ताणली असं म्हटलं असतं. एकट्या एक्झॉस्टच्या बाजूला आहेत, म्हणजे मिश्रण पातळ पडून, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडून, पिस्टन तापला. कारण तुमच्या पत्रातच आहे: मे आणि डिसेंबर. ४२ अंशांतली हवा आणि १० अंशांतली हवा यांत ११ टक्क्यांचा फरक पडतो. गार हवा तेवढी दाट. इंजिन दर फेऱ्याला तेवढंच पोट भरून हवा ओढतं, पण आता त्यात प्राणवायू जास्त असतो. कार्ब्युरेटर पेट्रोलही वाढवतो, मात्र साधारण निम्म्याच हिशेबानं. म्हणजे मिश्रण पाचेक टक्के पातळ झालं. मे महिन्यात जेट अगदी काठावर आणून ठेवला असेल, तर परभणीच्या थंडीला तेवढंच पुरतं.

त्यात हल्लीचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. निव्वळ पेट्रोलला जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. तुमची गाडी कंपनीतून निघाली तेव्हाच्या पेट्रोलच्या हिशेबानं बघितलं तर याच जेटमधून आताचं मिश्रण सातआठ टक्के पातळच जातं. आणि ऑइलचा सैल हात! जेटच्या भोकातून ठरावीकच माल जातो. ऑइल जास्त घातलंत तर त्याच भोकातून पेट्रोल कमी जाणार. वंगण वाढवायला गेलात आणि मिश्रण आणखी पातळ केलंत. ऑइलचं एक प्रमाण धरा, मापानं मोजून घाला आणि मग त्याला हात लावू नका. जेट बदला, प्रमाण नाही.

जेट बरोबर आहे की नाही हे कानानं कळत नाही, प्लगवरून कळतं. आधी हँडलवर किल स्विच बसवून घ्या, कारण भरधाव गाडीवर चावीकडे हात न्यायचा नाही. कोरा प्लग लावा. इंजिन चांगलं गरम झालं की टॉप गिअरला फुल रेसवर पळवा आणि तशाच वेगात क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन मारा. गाडी घरंगळू द्या. हळूहळू रेस कमी करत थांबलात तर प्लगवर फुल रेसचं नाही, थांबण्याचं चित्र उमटतं. आता प्लग काढून भिंग लावून आत बघा. टोकाकडं नको, पांढरी चिनीमाती जिथं खोल लोखंडात शिरते तिथं. तळाशी दुधाच्या चहासारखा तपकिरी पट्टा दिसला तर ठीक. काळा, ओलसर असेल तर जेट मोठा आहे. अगदी पांढराफटक असेल तर मोठा जेट घाला. आणि चिनीमातीवर मिऱ्याच्या पुडीएवढे चकचकीत राखाडी कण दिसले तर त्याच जागी गाडी बंद करा आणि ढकलत घरी न्या. तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे.

वाळूजला टर्नर होतो तेव्हापासूनची सवय आहे: प्रत्येक प्लग चिठ्ठी बांधून डब्यात ठेवतो. चिठ्ठीवर तारीख, तापमान आणि जेटचा नंबर. तुम्हीही ठेवा. पुढच्या डिसेंबरात मेकॅनिकला विचारावं लागणार नाही.

जालना : मी आयटीआयला आहे. वडिलांची येझदी रोडकिंग मीच नीट केली. मोबाइलच्या जीपीएसवर १०५ जायची. अजून पळावी म्हणून पुढचं स्प्रॉकेट दोन दात मोठं टाकलं. आता चौथ्यात ९६ च्या पुढं सरकत नाही, तिसऱ्यातच जास्त पळते. असं कसं?

उत्तर : बाळा, प्रश्न नीट मोजून विचारलास, म्हणून सविस्तर सांगतो. मोठं स्प्रॉकेट टाकलं की त्याच फेऱ्यांना चाक जास्त फिरतं, एवढं खरं. पण इंजिनाला तेवढे फेरे गाठता आले पाहिजेत ना! चौथ्या गिअरमध्ये तुझं इंजिन ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही, आधीच हवेपुढं दमतं. तिसऱ्यात पोचतं, म्हणून तिसरा पळतो. टॉप गिअरला इंजिन जास्तीत जास्त ताकद जिथं देतं, त्या फेऱ्यांवर किंवा किंचित पुढं पोचावं, ते स्प्रॉकेट बरोबर. मूळचं परत टाक आणि पुढं एकेकच दात बदलून बघ.

आता हवेचा हिशेब. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्याला लागणारी ताकद आठपट. तुझी रोडकिंग कागदावर १६ हॉर्सपॉवरची. १०५ चे १२० करायचे तर २४ च्या आसपास लागतील, दीडपट! १५ किलोमीटरसाठी. पोर्ट घासून, हेड कापून दीडपट ताकद काढता येईलही, पण तो ब्लॉक किती दिवस टिकेल ते तूच बघ. रोडकिंगचा चांगला ब्लॉक आता सोन्याच्या भावानं मिळतो.

म्हणून फुकटातलं आधी कर. गाडी मधल्या स्टँडवर घे आणि मागचं चाक हातानं फिरव. ब्रेकचं लायनर घासत असेल तर चाक लगेच अडतं. चेन जास्त ताणलेली नको, चाकं एका रेषेत हवीत, चाकाच्या रिंगचा आउट (वाकडेपणा) काढलेला हवा, टायरातली हवा पुस्तकात दिलीय तेवढी. मग क्रॅश गार्ड आणि साडी गार्ड उतरव. आरसे ट्रॅकवर उतरवायचे, रस्त्यावर नाही. एवढं झालं की स्वतःकडं बघ. गाडीपेक्षा हवेला तूच जास्त आडवा येतोस. हनुवटी टाकीवर, कोपरं आत, गुडघे टाकीला चिकटून, अंगात घट्ट कपडे. फडफडणारं विंडचीटर म्हणजे पाठीला बांधलेला ब्रेक.

१९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रॉली फ्री नावाचा गडी व्हिन्सेंट गाडीवर ताशी १५० मैल गाठायला निघाला होता. थोडक्यात हुकत होतं. वेगानं त्याचा चामड्याचा सूट शिवणीवर फाटला, तेव्हा त्यानं तो काढूनच टाकला. पोहण्याची चड्डी घालून, सीटवर पालथा झोपून, पाय मागं ताणून पळाला. १५०.३१३ मैल, म्हणजे जवळजवळ २४२ किलोमीटर. इंजिन तेच होतं. चड्डीचं अनुकरण करू नको, पालथं पडण्यातलं तत्त्व तेवढं घे.

जाता जाता तुझा दुसरा प्रश्न: उन्हाळ्यात टॉप कमी होतो का? पिकअप नक्की मरतो. टॉपवर फार फरक पडत नाही, कारण हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते तसा हवेचा अडथळाही घटतो.

लातूर : आजोबांची १९७२ ची बुलेट ३५० आहे. सगळं ओरिजिनल. १३० चा टॉप काढायचा आहे. कोणतं कॅम आणि पिस्टन घालू?

उत्तर : कोणतंच नको. बुलेटचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ९० मिलिमीटर. मिनिटाला ५,५०० फेऱ्यांना पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १६.५ मीटर होते. आरएक्स १०० चा स्ट्रोक फक्त ५०. ती ९,००० फेऱ्यांना किंचाळत असते तेव्हाही तिचा पिस्टन १५ मीटरच्या वर जात नाही. बुलेटचा आवाज संथ वाटतो, पण आत पिस्टन आणि रॉडवर जे चाललेलं असतं ते अजिबात संथ नाही. पन्नास वर्षांच्या क्रँकला आणखी पळवायचं म्हणजे रॉड केसिंगमधून बाहेर डोकावणार.

शिवाय ब्रेक. ९० वरून थांबताना ड्रमला जितकी उष्णता गिळावी लागते, त्याच्या दुपटीहून जास्त १३० वरून लागते. तो ड्रम त्यासाठी केलेला नाही. टायरही बघा. बाजूला आकड्यांच्या शेवटी इंग्रजी अक्षर असतं: जे म्हणजे १००, एल म्हणजे १२०, एम म्हणजे १३०, पी म्हणजे १५०. चार आकड्यांचा वेगळा शिक्का असतो, त्यात पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे. २३१४ दिसलं तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही ताजी असो, तो फेका.

अगदीच खाज असेल तर भंगारातून दुसरं इंजिन आणा आणि त्याच्यावर प्रयोग करा. आजोबांचं इंजिन नंबरासकट जसं आहे तसं राहू द्या. ओरिजिनल गाडी एकदा कापली की परत ओरिजिनल होत नाही.

बीड : भाऊ, माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. जुनी राजदूत ३५० घेतलीय, रात्री मित्रांबरोबर हायवेला रेस लावतो. गाडी विकायला लावू का?

उत्तर : ताई, विकायला लावलीत तर तो मित्राची पळवेल. ती गाडी साधी नाही. यामाहाच्या आरडी ३५० चं इथलं रूप, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, जास्त ताकदीचं मॉडेल असेल तर ३० हॉर्सपॉवर, आणि पुढं ड्रम ब्रेक. ती पळते झटक्यात, थांबते सावकाश.

त्याला दोन गोष्टी ऐकवा. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय रेस लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर कैद वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. आणि समृद्धीवर तर दुचाकी न्यायलाच बंदी आहे, कोणी रात्रीच्या मोकळ्या रस्त्याच्या गोष्टी सांगत असेल तर त्यालाही सांगा. कायद्यापेक्षा मला भीती वेगळी वाटते: आपल्याकडं रात्री रस्त्यावर उसाची ट्रॉली असते, मागं लाल दिवा नसतो.

दुसरी गोष्ट, पळवायच्या जागा आहेत. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात. कोइंबतूरला कारी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. रेसचं लायसन्स देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाकडून, एफएमएससीआयकडून मिळतं. फुल फेस हेल्मेट, चामड्याचा सूट, हातमोजे, बूट याशिवाय आत घेत नाहीत. तिथं ॲम्ब्युलन्स उभी असते आणि समोरून म्हैस येत नाही. एकदा तिथं जाऊन हरून आला की हायवेची रेस त्यालाच पोरकट वाटेल. माझ्याकडं येणाऱ्या पोरांत हे बघितलंय.

नांदेड : माझ्या आरएक्सचा काटा १३० दाखवतो. मित्र म्हणतात फेकतोय. खरं कोण?

उत्तर : मित्र. जुन्या मीटरचा काटा थरथरतो आणि आपण त्याचं वरचं टोक वाचतो. मूळची आरएक्स ११ हॉर्सपॉवरची, १३० ला त्याच्या जवळजवळ दुप्पट लागतात. जीपीएस लावा, त्याच पट्ट्यावर एकदा जाताना आणि एकदा येताना मोजा आणि सरासरी काढा. वारा पाठीशी असला की सगळ्याच गाड्या पळतात. जागतिक विक्रमही असेच, दोन्ही दिशांच्या सरासरीनं धरतात.

या सरासरीचा एक किस्सा आहे. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोनं १९२० ची इंडियन स्काउट घरच्या शेडमध्ये आयुष्यभर घासली. पिस्टनसुद्धा स्वतः ओतायचा. कोरी असताना ती ताशी ५५ मैल जायची. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यानं बोनव्हिलला तिच्यावर १,००० सीसीच्या आतला विक्रम केला. नोंद झाली १८३.५८६ मैलांची. पुढं मुलाच्या लक्षात आलं की दोन फेऱ्यांची बेरीज-भागाकार करतानाच चूक झालीय, आणि २०१४ मध्ये आकडा दुरुस्त होऊन १८४.०८७ झाला, म्हणजे २९६ किलोमीटर. तुमचा आकडा दुरुस्त केला तर कुठल्या बाजूला जाईल ते मोजल्यावर कळवा.

हिंगोली : सायलेन्सरची आतली जाळी काढली तर टू-स्ट्रोकचा वेग वाढतो का?

उत्तर : आवाज वाढतो. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता धूर बाहेर टाकत नाही. त्याच्या आतल्या शंकूवरून दाबाची लाट परत येते आणि पोर्टमधून निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ती लाट ठरावीक फेऱ्यांनाच वेळेवर पोचते, म्हणून लांबी आणि शंकूचा उतार मोजून करावा लागतो. मधे कापाकापी केली की ती वेळ चुकते.

धाराशिव : शेताच्या बांधावर एरंड आहे. रेसवाले एरंडेल वापरतात म्हणे. घाण्याचं तेल पेट्रोलमध्ये टाकू का?

उत्तर : वापरतात, खरं आहे. कॅस्ट्रॉल हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलंय. ते तापमान सोसतं आणि पिस्टनला चिकटून राहतं. पण ते रेससाठी शुद्ध करून, इतर घटक घालून बनवलेलं असतं. घाण्याचं तेल थंडीत पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि जळून रिंगांवर डिंकासारखा थर धरतं. बांधावरचं तेल पोटासाठी ठेवा.

पुढच्या महिन्यासाठी पत्र लिहिताना गाडीचं साल, जेटचा नंबर, स्प्रॉकेटचे दात आणि गाडी पळवली तेव्हाचं तापमान लिहा. नुसतं "गाडी ओढत नाही" असं लिहिलेल्या पत्रांना उत्तर मिळणार नाही. प्लग पाठवलात तर चिठ्ठी बांधून पाठवा.