कॉलरवर फुगे का येतात?

प्रश्न : ऑफिससाठी मी नेहमी नावाजलेल्या ब्रँडचे पांढरे शर्ट घेतो. वर्षभरात कॉलरवर फुगे येतात; बाकीचा शर्ट मात्र धडधाकट असतो. एक कुटुंब घरच्या घरी शर्ट शिवून देतं, पण किंमत जवळजवळ दुप्पट. हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे? शर्ट हातात घेतल्यावर काय पाहावं?

उत्तर : इस्त्रीवाल्याला बोल लावू नका. बहुतेक तयार शर्टांच्या कॉलरमध्ये फ्युजिंगचं बक्रम असतं, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं, उष्णतेने चिकटवलेलं आतलं कापड. धुण्यात वरचं कापड एका मापाने आटतं, बक्रम दुसऱ्या. मग चिकट थर जागोजागी सुटतो आणि तिथे फुगा धरतो. आमच्या घरी सासरे कापड बेततात, बाह्या आणि बाजू नवरा जोडतो आणि कॉलर माझ्याकडे असते. आतला कपडा मी आधी धुऊन आटवून घेते आणि नुसत्या टिपेने धरते. अशा कॉलरला इस्त्री थोडी ओलसर असताना, टोकांकडून मधे करावी लागते, नाहीतर टोकाशी चुणी पडते. चांगल्या दर्जाचं फ्युजिंगही वर्षानुवर्षं टिकतं, हे मात्र खरं.

जास्तीचे पैसे मुख्यतः वेळेचे असतात. शर्ट उलटा करा आणि बाजूची शिवण बघा. एका सुईने दोनदा मारलेली, कापडाच्या कडा आत दुमडून लपवलेली शिवण असेल तर ती अरुंद आणि सपाट दिसते. ओव्हरलॉकचे, म्हणजे उघड्या कडेवर गुंडाळलेले, दोरे कुठेच दिसत नाहीत. मग टाके मोजा. इंचात १८ ते २० टाके म्हणजे सावकाश केलेलं काम. घाईच्या शर्टात ते १०-१२ वर येतात. रेघांचं कापड असेल तर खिशावर आणि बटणपट्टीवर रेघ जुळली आहे का पाहा. रेघ जुळवायची तर कापड जास्त लागतं आणि बेतणाऱ्याची नजरही लागते. बटणांवर भाळू नका. शिंपल्याचं बटण ओठाला लावलं की गार लागतं, सुंदरही दिसतं, पण बटण कधीही बदलता येतं. शिवण बदलता येत नाही.

कॉलर आणि कफ अंगाआधी मळतात आणि झिजतात, ही तक्रार फार जुनी आहे. अमेरिकेतल्या ट्रॉय गावी १८२७ च्या सुमारास हॅना माँटेग्यू या बाईंनी नवऱ्याच्या शर्टाची कॉलरच कापून वेगळी धुवायला सुरुवात केली, असं सांगतात. तिथूनच सुट्या कॉलरचा मोठा धंदा उभा राहिला. म्हणून माझ्या मते त्या कुटुंबाला एकच गोष्ट खोदून विचारा : कॉलर विरली तर बदलून द्याल का? देणारे असतील तर दुप्पट किंमत मला रास्त वाटते. त्याच ताग्याचं कापड उरलं नसेल तरी जाणता कारागीर शर्टाच्या मागच्या खालच्या भागातून तुकडा काढतो आणि तिथे दुसरं पांढरं कापड लावतो. तो भाग पँटमध्येच खोचलेला राहतो.

पहिल्या खेपेला एकच शर्ट सांगा. दोन-तीनदा धुऊन, दिवसभर बसून-उठून वापरून पाहा. मुंढ्यात ओढतो का, बाही मनगटावर कमी पडते का, हे त्यांना नीट सांगा; ते तुमच्या कागदी पॅटर्नवर दुरुस्ती करतील. पुढचे चार शर्ट मगच शिवायला टाका.