चेरीची वंशावळ, पण आईकडची

प्रश्न: आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीत गुलाबी फुलांचं झाड आहे, फूल भोंग्यासारखं, पडलं की अख्खंच पडतं. सगळे त्याला चेरी ब्लॉसम म्हणतात. मुलगी बॉटनीला आहे, ती म्हणते चेरीचं कूळ आता क्लोरोप्लास्टच्या जीनोमवरून काढतात. पानातल्या हिरव्या कणाचा आणि कुळाचा काय संबंध?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: भोंगा म्हणालात तिथंच कळलं, ती टॅबेबुया, मूळची मध्य अमेरिकेतली. चेरी गुलाबाच्या कुळातली, पाकळ्या सुट्या आणि एकेक गळणाऱ्या, पीच, बदाम, जर्दाळू ही तिची भावंडं.

मुलगी बरोबर सांगतेय. क्लोरोप्लास्टला, म्हणजे त्या हिरव्या कणाला, स्वतःचा डीएनए असतो (तो सगळा मिळून त्याचा जीनोम), चेरीत साधारण १ लाख ५८ हजार अक्षरांचा, एकेका पेशीत त्याच्या ढीगभर कॉप्या, म्हणून वाचायला सोपा (तंबाखूचा तर १९८६ सालीच पूर्ण वाचून झाला). पण मेन गोष्ट म्हणजे चेरीत तो परागातून येत नाही, फक्त आईकडून येतो. रामकुंडावर पुरोहितांच्या वह्यांत आपले पणजोबा, खापरपणजोबा सापडतात ना, ही वही बरोबर उलटी, हिच्यात नुसतं आजोळ.

म्हणून या एकाच वहीवर विसंबलं की घोळ होतो. जपानभर लावलेली सोमेई-योशिनो चेरी घ्या, तिचा क्लोरोप्लास्ट एडोहिगान नावाच्या चेरीचा, म्हणजे आई ती. बाप ओशिमा चेरी, तो पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएत सापडतो, कारण तो आईबाप दोघांकडून येतो. पानांआधी फुलणं आईचं, फुलाचा मोठा आकार बापाचा. कोरियातल्या जेजू बेटावर हुबेहूब तशीच रानटी चेरी आहे, त्यामुळे सोमेई-योशिनो मूळची कुठली यावर दोन्ही देशांत वर्षानुवर्षं भांडण. आजोळ दोघींचं एकच, मग भांडण मिटणार कसं! २०१८ मध्ये जेजूवालीचा पूर्ण जीनोम वाचला तर बाप निघाला यामाझाकुरा, म्हणजे वेगळीच चेरी. सावत्र बहिणी हो, दुसरं काय.

सोमेई-योशिनोची सगळी झाडं कलमांची, आपल्या द्राक्षबागांसारखीच. डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाची काडी भरली तरी घड थॉमसनचेच येतात आणि वरच्या पानातला क्लोरोप्लास्टही थॉमसनचाच. तेव्हा मुलगी कधी कलमी झाडाचं सॅम्पल घेणार असेल तर पान जोडाच्या वरचं तोडायला सांगा, खुंटाच्या फुटव्याचं घेतलं तर भलत्याच आईचं नाव लागेल.